तिसऱ्या रांगेतला करार

टिचकी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हतं. बहिऱ्या माणसांत प्रत्येकाला एक खुणेचं नाव मिळतं. ते आपलं आपण निवडायचं नसतं. दुसरे देतात आणि मग ते जन्मभर चिकटतं. हिला शाळेत पुढच्या बाकावरच्यांच्या कानांना टिचक्या मारायची खोड होती, म्हणून कानाच्या पाळीवर टिचकी मारल्याची खूण हेच तिचं नाव होऊन बसलं. पुढे ती मोठी झाली, चाळिशीला टेकली, पण खोड काही गेली नाही. कानांऐवजी आता ती माणसांच्या अहंकाराला टिचक्या मारायची, एवढाच फरक.

दिवसा ती एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या घडवायची. संध्याकाळी नाटक करायची; म्हणजे असलं तर. रंगमंचाच्या कोपऱ्यात एका छोट्या चौथऱ्यावर उभं राहायचं आणि नट जे बोलतील ते हातांनी, चेहऱ्याने, सगळ्या अंगाने प्रेक्षागृहातल्या बहिऱ्या मंडळींना सांगायचं, हे तिचं काम. नुसते शब्द हातावर घ्यायचे नसतात. राग रागासारखा दिसावा लागतो आणि विनोदाला हसू यावं लागतं. टिचकी ते असं करायची की ऐकणारे प्रेक्षकसुद्धा नट सोडून तिच्याकडे बघत बसायचे. तरीही नाटकवाल्यांना तिची आठवण यायची ती आदल्या दिवशी. तालमीला बोलावणं नाही, जाहिरातीत नाव नाही. एकदा तर खेळ संपल्यावर एका माणसाने तिच्या हातात पाण्याचे रिकामे ग्लास दिले आणि तो निघून गेला.

तिच्याबरोबर असायची तिची वहिनी, धाकट्या भावाची बायको. वहिनीला ऐकू यायचं. लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला खुणांची भाषा ओ की ठो येत नव्हती. पण नणंद आपल्याबद्दल समोरासमोर काय बोलते ते कळावं म्हणून ती ईर्षेने शिकली आणि शिकता शिकता पटाईत झाली. आता टिचकीचा आवाज तीच. खेळाच्या वेळी ती पहिल्या रांगेत बसून वाक्य कुठे सुरू झालं, कुठे संपलं, एवढंच बोटाने दाखवायची. बाकी सगळं नाटक टिचकीला आदल्या रात्री जागून तोंडपाठ झालेलं असायचं. हातपाठ म्हणा हवं तर.

एरवी वहिनी तिला ताई म्हणायची. चिडली की ‘वन्सं’. ते ओठांवरून टिचकीला बरोबर कळायचं.

तर त्या हंगामात एक नाटक जोरात चाललं होतं. निवृत्त न्यायाधीशाला त्याच्याच तीन मुली दिवाणखान्यात आरोपीसारखं बसवतात आणि त्याने आयुष्यात दिलेल्या एका चुकीच्या निकालाचा जाब विचारतात, असं ते नाटक. न्यायाधीशाचं काम करणारा नट फार मोठा. त्याची डावी भुवई उजवीला न विचारता एकटी वर चढायची आणि ती चढली की प्रेक्षागृहात टाळी पडायची. टिचकीने पहिल्याच दिवशी त्याचं खुणेचं नाव ठेवलं: भुवई. नाट्यसंस्थेचा व्यवस्थापक बोलताना सारखा खिसा चाचपायचा, जणू कोणी तो कापून नेईल. तो झाला खिसा.

अनुदान देणाऱ्या एका संस्थेने अट घातली होती, की बहिऱ्या प्रेक्षकांसाठी एक तरी खेळ करा. म्हणून खिशाने टिचकीला बोलावलं. आदल्या दिवशी, हे सांगायला नकोच.

त्या खेळात तिसऱ्या अंकापर्यंत सगळं सुरळीत झालं. मग न्यायाधीश खुर्चीतून उठला. हे भाषण म्हणजे नाटकाचा प्राण. शिक्षा झालेल्या माणसाची बायको आपल्याला पुलावर कशी भेटली ते तो सांगतो आणि तिथे प्रेक्षक रुमाल काढतात. भुवई उठला, पुढे आला, म्हणाला, “त्या संध्याकाळी मी...” आणि थांबला.

आता यामागची गोष्ट अशी, की भुवईला गेलं वर्षभर वाक्यं दगा देत होती. सुरुवातीला विंगेत प्रॉम्प्टर ठेवला होता. पण प्रॉम्प्टरची कुजबुज चौथ्या रांगेपर्यंत जायची. एका समीक्षकाने लिहिलं, की हे नाटक एका तिकिटात दोनदा ऐकायला मिळतं, आधी विंगेतून आणि मग रंगमंचावरून. भुवईने पेपर भिरकावला आणि प्रॉम्प्टरलाही घालवलं. “मला गरजच काय?” म्हणाला. गरज होतीच.

टिचकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की समोर एक माणूस घामाने डबडबला आहे, त्याची ती सुप्रसिद्ध भुवई अर्ध्यावर अडकली आहे आणि डोळे वाट चुकलेल्या माणसासारखे भिरभिरताहेत. ते फिरता फिरता तिच्यावर येऊन थांबले. तिने सहज हात उचलले. एक कमान. कमानीखालून वाहतं पाणी. हातात वर धरलेला कंदील.

“...मी पुलावर उभा होतो,” भुवई म्हणाला. “खाली पाणी होतं. समोरून कोणीतरी कंदील घेऊन येत होतं...” आणि गाडी रुळावर आली.

खेळ संपल्यावर त्याने टिचकीला रंगपटात बोलावलं, दार लावून घेतलं आणि कडी लागली का ते दोनदा तपासलं.

“आज जे झालं,” तो वहिनीला म्हणाला, “ते या चार भिंतींत राहिलं पाहिजे. यांना सांगा.”

“याला सांग, पुढच्या वेळी इकडेतिकडे न शोधता सरळ माझ्याकडे बघ,” टिचकीच्या हातांनी उत्तर दिलं. “आणि हेही सांग, की वरची कवळी सैल झालीय. आमच्या लॅबची नाही ती.”

“ताई म्हणतात, तुमच्याबरोबर काम करून आनंद झाला,” वहिनी म्हणाली.

टिचकीने तिच्याकडे रोखून बघितलं. ओठ एवढे गोड हसत हलले म्हणजे वहिनीने पदरचं काहीतरी घातलं, हे तिला अनुभवाने माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून खुणांच्या भाषेची शिकवणी सुरू झाली. रोज दुपारी, लॅबच्या जेवणाच्या सुट्टीत, रंगपटात, दाराला कडी. खिशाला सांगितलं होतं, की साहेबांच्या बोटांचे सांधे धरलेत आणि या बाई हातांचा व्यायाम करून घेतात. म्हाताऱ्याची बोटं सुरुवातीला काटक्यांसारखी वागायची. ‘मुलगी’ म्हणायला जायचा आणि ‘मीठ’ म्हणायचा. पण नट तो नट. महिन्याभरात त्याला सगळं नाही, तरी पुष्कळ कळू लागलं. तोडकंमोडकं का होईना, उत्तरही देता येऊ लागलं.

आणि एक नवल झालं. भुवईने जाहीर केलं, की यापुढे आपल्या नाटकाचा प्रत्येक खेळ खुणांच्या भाषेसह होईल. “कलेवर सर्वांचा हक्क आहे,” तो म्हणाला. खिसा कळवळला. “साहेब, काही खेळांना बहिरा प्रेक्षक एकही नसतो!” “येईल,” भुवई गंभीरपणे म्हणाला. “आपण दार उघडं ठेवलं पाहिजे.” पेपरात त्याचा फोटो आला. एका मंडळाने त्याचा सत्कार केला. सत्काराला टिचकीला बोलावलं नव्हतं.

तिला काम मिळत होतं, ही गोष्ट खरी. पण रोजचं म्हणजे त्या त्या दिवसाचं. आज आहे, उद्याचं उद्या. तालमीला ये म्हणत, तालमीचे पैसे विचारले की खिसा आपला खिसा चाचपत दुसरीकडे बघे. टिचकीच्या डोक्यात एकटीचा विचार नव्हता. तिची मैत्रीण सावली, लाखात एक नटी, खुणांनी बोलू लागली की भिंतीला पाझर फुटेल. ती एका दुकानात चपलांच्या खोक्यांवर चिकटपट्ट्या लावत होती. आणखी एक बहिरा गडी होता, कंपन्यांच्या कार्यक्रमांत दिवे लावायचा. हात इतका सफाईदार, की त्याचं नावच पडलं होतं दिवा. पण नाटकवाले म्हणत, इशारा कसा ऐकणार? जसा काही दिवा कानाने लागतो!

टिचकी दर शिकवणीच्या शेवटी भुवईला विचारायची, “करार कधी? पुढच्या नाटकात सावलीला घेणार?”

भुवई एक खूण फार सुबक करायला शिकला होता. दोन बोटं डोळ्यांजवळून हळूच पुढे न्यायची. बघतो.

त्यातच त्याची मुलाखत छापून आली. तिच्यात तो म्हणाला होता, “या मुक्या जिवांना मी रंगमंचावर आवाज मिळवून दिला.”

टिचकीने ते दोनदा वाचलं. मग पेपर नीट घडी करून ठेवला आणि हसली. ते हसू वहिनीने ओळखलं. “वन्सं,” ती म्हणाली, “काही करू नका हं.”

त्या दिवशीच्या खेळात पहिल्याच अंकात न्यायाधीश आजारी पडतो आणि मुलींकडे काहीतरी मागतो. वाक्य साधं होतं, “मला माझं औषध हवंय.” पण नेमकं तेच निसटलं. भुवईने सवयीने कोपऱ्याकडे पाहिलं. टिचकीने अगदी निरागस चेहऱ्याने डोक्याच्या दोन्ही बाजूंना हात नेऊन लांब कान हलवले.

“मला...” भुवई कण्हला, “मला माझं गाढव हवंय.”

मग धाकट्या मुलीचं काम करणारी नटी, मोठी हजरजबाबी, पुढे झाली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, “बाबा, तुमचा ताप चढलाय.” लोक खो खो हसले. टिचकीला ते ऐकू आलं नाही, पण चौथऱ्याच्या फळ्यांमधून ते तिच्या तळपायांपर्यंत आलं आणि तिला बरं वाटलं.

“हे काय केलंत?” रंगपटात भुवईने दार आपटून विचारलं.

“मुका जीव आहे मी,” टिचकीने सांगितलं. “मला जनावरंच सुचणार.”

हे मात्र वहिनीने जसंच्या तसं बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी भुवईने माफी मागितली, तीही खुणांनी. ‘माफी’ऐवजी त्याची ‘मलई’ झाली होती, पण टिचकीने ती चालवून घेतली.

सगळं असंच चाललं असतं. पण खिशाला एक मेहुणी होती.

मेहुणीने सुट्टीत खुणांच्या भाषेचा एक छोटा वर्ग केला होता. खिशाने हिशेब मांडला: त्या बाईंना बोलवायचं म्हणजे बरोबर तिची वहिनीही येते. मेहुणीला हातही आहेत आणि कानही. एका माणसात दोन माणसं. त्याने वहिनीला निरोप दिला, की पुढच्या खेळापासून यायची गरज नाही, आमची सोय झाली आहे.

टिचकी तशीच थेट भुवईकडे गेली. तो मेकअपच्या आरशासमोर बसला होता. त्याने सगळं पाहिलं, समजलं आणि मग आपल्या बुटांकडे नजर लावली. खिशाला विरोध करायचा, तर तो विचारणार, हीच बाई का? मग खरं सांगावं लागणार. भुवईने दोन बोटं डोळ्यांजवळ नेली आणि हळूच पुढे आणली.

“ठीक आहे,” टिचकी म्हणाली आणि बाहेर पडली. वहिनीने वाटेत दोन-तीनदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रडायच्या बेतात असलेली नणंद तिला परवडली असती. ही तर शीळ घालण्यासारखे ओठ करून चालली होती.

पुढच्या खेळाची तिसरी रांग बहिऱ्या मंडळींनी भरून गेली. मधोमध टिचकी, एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला सावली, पलीकडे दिवा आणि मग बहिऱ्यांच्या क्लबातले झाडून सगळे. रंगमंचावरचा उजेड तिसऱ्या रांगेपर्यंत छान पोचतो, हे टिचकीला चौथऱ्यावरून कधीच कळलं होतं.

पडदा वर गेला. कोपऱ्यात मेहुणी उभी होती. बिचारी मुळात वाईट नव्हती. घाबरलेली होती, हात थंड पडले होते आणि एक वाक्य पुरं करेपर्यंत नट तीन वाक्यं पुढे जात होते. ‘जन्मठेप’ आणि ‘लग्न’ यांत तिचा घोटाळा झाला. न्यायाधीशाने त्या गरीब माणसाला लग्नाची शिक्षा सुनावली तेव्हा तिसरी रांग हसून लोळली. “पुनर्विचाराचा अर्ज करता येतो का?” दिव्याने खुणेने विचारलं आणि त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. ऐकणाऱ्या प्रेक्षकांना कळेना, एवढ्या करुण प्रसंगाला ही रांग हसते का.

मग तिसरा अंक आला. न्यायाधीश खुर्चीतून उठला, पुढे आला. “त्या संध्याकाळी मी...”

थांबला. सवयीने कोपऱ्याकडे बघितलं. मेहुणी हात अर्धवट उचलून त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. तो बोलेल ते सांगायला ती तयार होती. तो तिच्याकडे बघतोय, ती त्याच्याकडे बघतेय. शांतता लांबत चालली. ऐकणाऱ्या प्रेक्षकांना वाटलं, काय अभिनय आहे! पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी आधीच रुमाल काढला.

भुवईची नजर भिरभिरत प्रेक्षागृहात उतरली आणि तिसऱ्या रांगेत येऊन आदळली. तिथे टिचकी मांडीवर हात ठेवून, देवळात बसावं तशी शांत बसली होती. तिने नुसती डावी भुवई उचलली.

न्यायाधीशाच्या झग्यापाशी त्याचा हात हलला. मदत.

टिचकीने दोन बोटं डोळ्यांजवळ नेली आणि हळूच पुढे आणली. बघते.

तिसऱ्या रांगेत एक लाट उठली. जे डुलक्या घेत होते त्यांना शेजाऱ्यांनी हलवून उठवलं.

आता टिचकीचे हात मांडीवरून वर आले, फार नाही, छातीइतके. “करार. वर्षाचा. तालमी धरून.”

भुवईने प्रेक्षागृहाकडे पाहिलं. पाचशे माणसं श्वास रोखून त्याच्याकडे बघत होती. “मान्य आहे!” तो गरजला.

थोरल्या मुलीचं काम करणारी नटी दचकली. तिने त्याला अजून काही विचारलंच नव्हतं. “काय मान्य आहे, बाबा?” ती चाचरत म्हणाली.

टिचकीने सावलीच्या खांद्यावर हात ठेवला. “ही. पुढच्या नाटकात. खरी भूमिका. खुणांनी बोलणारी. कोपऱ्यात नाही, मधोमध.”

“तेही मान्य आहे!” भुवई म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. रुमालवाल्या बाईंनी आता शेजारणीलाही रुमाल दिला.

“वन्सं, पुरे करा,” वहिनी खालच्या खाली खुणावत होती. “झटका येईल त्यांना.”

“अजून दिवा राहिलाय,” टिचकी म्हणाली आणि रंगमंचाकडे वळली. “हा दिव्यांवर. कायम.”

इथे भुवई अडखळला. दिव्यांचं खातं त्याच्या हातात नव्हतं. त्याने कपाळ पुसलं. “ते मला एकट्याला ठरवता येणार नाही!” तो कळवळून ओरडला. नाटकात ते इतकं चपखल बसलं, की मागच्या रांगांत कोणीतरी ‘वा!’ म्हणालं.

टिचकीने हात पुन्हा मांडीवर ठेवले आणि छताकडे बघू लागली. छताला एक जाळं होतं. ती ते न्याहाळत बसली.

कोपऱ्यातली मेहुणी हे सगळं पाहत होती. वर्ग छोटा असला तरी करार, भूमिका आणि दिवा तिला समजले होते. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. इतका वेळ धरलेले खांदे खाली आले. ती आता न्यायाधीशाकडे मोठ्या उत्सुकतेने बघू लागली.

“मान्य!” भुवईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यात अभिनय नव्हता. “सगळं मान्य! माझ्या मुलींनो, तुम्ही म्हणाल ते सगळं मान्य!”

मेहुणीने ‘मान्य’ची खूण केली. संध्याकाळभरातली तिची ती एकुलती एक बिनचूक खूण. तिसऱ्या रांगेने तिच्यासाठी दोन्ही हात हवेत उंच करून हलवले, बहिऱ्यांच्या टाळ्या तशाच असतात. ऐकणाऱ्यांनी कडकडाट केला, ते त्यांच्या परीने.

मग टिचकीने हात उचलले. एक कमान. खालून वाहतं पाणी. उंच धरलेला कंदील.

ते भाषण भुवईने त्या दिवशी जसं केलं तसं पूर्वी कधीच केलं नव्हतं, असं वहिनी पुढे कितीतरी दिवस सांगायची. टिचकीने ते पाहिलं. जो माणूस इतका वेळ बुडत होता, त्याला आता किनारा दिसला होता आणि तो हात मारत चालला होता. शेवटपर्यंत तिने एकेक खूण त्याच्या आधी अर्धं पाऊल ठेवली. खोडी काढली नाही. काढावीशी वाटली, एकदा कंदिलाच्या जागी, पण नाही काढली.

रंगपटात मात्र भुवई वाघ झाला होता. “ही खंडणी आहे!”

“बोलणी,” टिचकीने दुरुस्ती केली.

“स्टेजवर बोललेलं नाटकातलं असतं. ते काय कोर्टात चालतं?”

टिचकीने दार उघडलं. बाहेरच्या बोळात अख्खी तिसरी रांग उभी होती. सगळ्यांनी एकसाथ ‘मान्य’ची खूण केली. भुवईने दार लावून घेतलं.

तो खुर्चीत बसला. तोंडावरचा अर्धा रंग निघाला होता आणि खालून एक थकलेला, सुरकुतलेला म्हातारा दिसत होता. त्याची नजर सारखी दाराकडे जात होती. टिचकीला एकदम जाणवलं, की हा माणूस भ्यालेला आहे, आणि आज नव्हे, वर्षभर रोज संध्याकाळी. ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली.

“किती विसरता?” तिने विचारलं. वहिनीने बोलायला तोंड उघडलं, पण गरज पडली नाही.

“रोज थोडं जास्त,” भुवईच्या बोटांनी सांगितलं. “घरी ठाऊक नाही.”

“मग आधी खिशाला सांगा. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. आणि माझं बोलणं वहिनी गोड करून सांगेल, त्याचा काही भरवसा नाही.”

तेवढ्यात खिसा स्वतःच आत आला, आनंदाने फुललेला. “साहेब! ते ‘मान्य, मान्य’ काय होतं? लोक वेडे झालेत! रोज करायचं हं!”

“दार लाव,” भुवई म्हणाला. “मला वाक्यं आठवत नाहीत रे.”

खिशाला आधी ती थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा उतरला. भुवई सगळं बोलला, प्रॉम्प्टर गेल्यापासूनचं, सांधेदुखीसकट. खिसा आपला खिसा चाचपायलाही विसरला. त्याच्या डोळ्यांसमोरून विकली गेलेली तिकिटं, आगाऊ घेतलेल्या तारखा आणि छापलेली भित्तिपत्रकं सरकत गेली असावीत.

“पुन्हा प्रॉम्प्टर ठेवू,” तो म्हणाला.

“तो ऐकू जातो,” वहिनी म्हणाली. हे तिचं स्वतःचं बोलणं होतं. “आमच्या ताई फक्त दिसतात. आणि त्या दिसण्याचं तुम्हाला अनुदानही मिळतं.”

खिशाने खिसा चाचपला. “पण मेहुणीला काय सांगू?”

मेहुणी दारातच उभी होती. “भाऊजी, मला यातून सोडवा हो,” ती म्हणाली. “मला त्यांच्याकडे शिकायचंय. आज मी एका माणसाचं लग्न लावून दिलं.”

करार झाला. खिशाने त्यातल्या प्रत्येक ओळीवर कुरकुर केली आणि प्रत्येक ओळीला टिचकी छताकडे बघत बसली. ‘मदतनीस’ शब्द खोडून तिथे ‘नटी आणि भाषा-दिग्दर्शक’ लिहिलं गेलं. दिव्याला आधी परीक्षेपुरता घेतला. त्याने पहिल्याच दिवशी इशाऱ्यासाठी एक लुकलुकणारा छोटा बल्ब लावून घेतला आणि दुसऱ्या आठवड्यात तोच बल्ब विंगेतल्या ऐकणाऱ्यांनीही मागून घेतला. मेहुणी टिचकीकडे शिकू लागली. गुरू म्हणून टिचकी भयंकर होती, पण मेहुणी टिकली. भुवई नाटक अजून करतो. हंगाम संपला की थांबणार, असं त्याने घरी सांगून टाकलंय.

नव्या नाटकाची पहिली तालीम झाली तेव्हाची गोष्ट. सावली रंगमंचाच्या मधोमध उभी होती. तिचं पहिलंच वाक्य होतं, “मी परत आले.” तिने ते केलं. टिचकी खुर्चीतून उठली. हे ‘परत येणं’ दुकानातून भाजी घेऊन आल्यासारखं झालं, ती म्हणाली. रागावून परत ये. सावली म्हणाली, ही बाई दमून परत आलीय, रागावून नाही, संहिता पुन्हा वाच. टिचकी म्हणाली, संहिता मी तुझ्याआधी वाचलीय. सावलीने चपलांच्या खोक्यांपासूनची सगळी भांडणं उकरून काढली. दोघींचे हात इतके वेगाने चालले, की दिव्याने वरून दोघींवर एकेक झोत सोडला, नीट दिसावं म्हणून.

दिग्दर्शक गोंधळला. “काय चाललंय?” त्याने वहिनीला विचारलं.

“ताई म्हणतात...” वहिनीने सुरुवात केली आणि थांबली. समोर जे चाललं होतं त्याला कुठल्या बाजूने साखर लावावी, हे तिला सुचेना. तिने मेहुणीकडे पाहिलं. मेहुणी लाल होऊन दुसरीकडे बघू लागली.

“भांडताहेत,” शेवटी वहिनी म्हणाली. “कामावरून.”

“किती वेळ चालेल?”

वहिनीने दोघींना विचारलं. दोघींनी मान न वळवता, एकदम, तिला थांबायची खूण केली.

“बसा,” वहिनी दिग्दर्शकाला म्हणाली आणि स्वतःही खुर्ची ओढून बसली. “आता तालमीचे पैसे मिळतात त्यांना. सावकाश होऊ द्या.”